आपोआप लागणारा फोन

गेल्या रविवारी तुमच्या आईने व्हिडिओवर तुमचे नवे घर फिरवून दाखवले. खोलीत पाऊल टाकले की दिवा लागतो, सकाळी ठरल्या वेळी कोणी न सांगता कॉफी गळू लागते आणि दाराबाहेर कोण आले ते भिंतीवरची पाटी बोलून सांगते. धाकटीने मला विचारले, "आजी, तुझ्याकडे काय काय आपोआप सुरू होतं?" मी म्हटले, "काही नाही. एक होत होतं, ते मी बंद केलं." तुम्ही दोघेही हसलात. तुम्हाला वाटले, आजी गंमत करते आहे.

ती गंमत नव्हती. आमच्या धुळ्याच्या घरात एक यंत्र खरोखरच आपोआप फोन लावत असे आणि ते बंद करायला मला पाच दिवस लागले. तुमच्या आईला ही गोष्ट अर्धीच ठाऊक आहे, कारण ती तेव्हा अमेरिकेत नुकतीच पोहोचली होती. म्हणून सगळी लिहून पाठवते आहे. त्या दिवसांत लिहिलेली तपकिरी पुठ्ठ्याची वही माझ्यासमोर आहे, त्यामुळे आठवणीवर फारसे विसंबायला नको. जळगावच्या ज्या कॉलेजात मी तरुणपणी बी. ए. झाले, तिथल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पुढे मला हेच काम समजावून सांगायला बोलावले होते, तेव्हाही मी हीच वही घेऊन गेले होते. पण आधी घरची गोष्ट.

नव्वदचे दशक संपत आले होते. तुमच्या आजोबांचे प्रसूतिगृह तळमजल्यावर होते आणि आम्ही वर राहत होतो. फोन एकच. खाली टेबलावर एक आणि वर एक अशी दोन उपकरणे होती, पण तार एकच. वर कोणी बोलत असेल तर खाली कोणाचा फोन येऊ शकत नसे. हा फोन म्हणजे आमच्या घरातली सर्वांत पवित्र वस्तू होती, असे म्हटले तरी चालेल. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून बायका बाळंतपणाला यायच्या. गावात गाडी ठरली की निघण्यापूर्वी कोणीतरी एसटीडी बूथवरून फोन करायचे. त्या एका फोनवर आजोबा तयारीला लागत. बाहेरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली आणि पदवीखाली तिसरी ओळ होती, 'फोन २४ तास'. पेंटरने ती लाल रंगात लिहिली होती. आजोबा म्हणायचे, वरच्या दोन ओळी माझ्यासाठी आहेत, ही पेशंटसाठी आहे.

मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. तीस वर्षे मुलींना इंग्रजी शिकवले, त्यातली शेवटची काही मुख्याध्यापिका म्हणून.

अमेरिकेला जाण्यापूर्वी तुमच्या आईने पुण्याहून तिचा जुना कॉम्प्युटर आणला आणि वरच्या मागच्या खोलीत मांडला. त्यात लिनक्स होते. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून तिने ते चढवले होते. तिच्या कॉलेजात तेच वापरत असत आणि जुन्या यंत्रावर तेच नीट चालते, असे तिचे म्हणणे होते. धुळ्यात इंटरनेट तेव्हा नुकतेच आले होते. त्यासाठी मोडेम नावाची एक चपटी डबी असे. कॉम्प्युटर त्या डबीकडून फोन लावून घ्यायचा आणि फोनच्या तारेतूनच पत्रे यायची, जायची. जोवर तो बोलत असे तोवर फोन गुंतलेला.

"आई, तुला काहीही करायचं नाही," तुमची आई म्हणाली. "बटण दाबलंस की तो आपोआप फोन लावेल. लाइन तुटली तर पुन्हा लावेल. तू फक्त पत्रं वाच."

"मामाच्या मोटारीसारखं," मी म्हटले.

"हो, अगदी तसंच केलंय."

हे तुम्हाला समजावून सांगायला हवे. माझे माहेर मुक्ताईनगरच्या बाजूला, केळीच्या बागांचे. केळीला पाणी चुकवून चालत नाही आणि वीज तर तिला वाटेल तेव्हा येणार. मग शेतकरी विहिरीवरच्या मोटारीला एक ऑटो बसवतात. वीज आली की मोटार कोणी न दाबता सुरू होते. तुमच्या आईच्या सगळ्या सुट्ट्या त्या मळ्यात गेल्या. वीज आली की कामाला लागायचे, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. पुण्याच्या किंवा मुंबईच्या मुलीने तो कॉम्प्युटर तसा लावला नसता. खान्देशातल्या मुलीने लावला.

ती गेली आणि पत्रे येऊ लागली. हवाई टपालाला दोन-तीन आठवडे लागायचे, हे पत्र तिने लिहिले की त्याच दिवशी मी वाचत असे. तिचे बर्फावर घसरणे, तिला मिळालेली खोली, तिची वरण करण्याची पद्धत, सगळे मला रोजच्या रोज कळत होते. मी दुपारचे जेवण झाले की बटण दाबायची, पत्र वाचायची, उत्तर लिहायची आणि शिकवल्याप्रमाणे यंत्र बंद करायची.

एका सोमवारी मी उत्तर लिहीत असतानाच वीज गेली. पडदा काळा झाला. मी थोडा वेळ थांबले, मग कंटाळून खाली गेले आणि सिस्टरबरोबर कपाटातल्या चादरींची मोजदाद करत बसले. कॉम्प्युटरचे बटण तसेच आत दाबलेले राहिले. त्या जुन्या यंत्राचे बटण दिव्याच्या बटणासारखे होते, आत म्हणजे चालू. तासाभराने वीज आली. पंखे फिरू लागले, फ्रिज गुरगुरला आणि वरच्या बंद खोलीत कॉम्प्युटरही जागा झाला. त्याने फोन लावला आणि धरून बसला. आम्हाला कोणालाच पत्ता नाही.

आजोबा खाली वर्तमानपत्र वाचत होते. मला नीट आठवते, ते म्हणाले, "आज फोन अगदी शांत आहे."

संध्याकाळचे ऊन अजून होते तेव्हा दारात जीप थांबली. बाईच्या कळा फार पुढे गेल्या होत्या आणि रक्तस्राव चालू होता. आजोबा आणि सिस्टर तिला लगेच आत घेऊन गेले. बाकीचे लोक ओसरीवर बसले. मी पाणी दिले. बाईचे सासरे, धोतर आणि पांढरी टोपी घातलेले आबा, पेला हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "डाक्टर इतलं कोनसंगे बोली राहिंतात? दुपारधरीन फोन लागत नही."

मी म्हटले, "आबा, डॉक्टर तर कोणाशीच बोलत नव्हते."

"मंग फोन कोन धरी बठेल शे?"

मी जिना चढले. मागच्या खोलीत मोडेमचे चार लाल दिवे लुकलुकत होते.

बाळ आणि आई दोघेही वाचले, हे आताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही काळजी करणार नाही. पण रक्त लागले. फोन लागला असता तर बाटली आधीच आणून ठेवता आली असती. ती आणायला माणूस धावला तेवढा वेळ आत काय झाले असेल, ते आजोबांनी मला कधी सांगितले नाही.

ते वर आले, हात पुसले आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला. मी तोपर्यंत मोडेमची तार उपटून टाकली होती. तरी त्यांना कळले.

"तुझं यंत्र होतं?"

"हो. वीज आली आणि आपोआप लागला."

"याआधीही झालं असेल."

"झालं असेल," मी म्हटले. खोटे बोलण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खळ शिजवायला सांगितली. तपकिरी कागदाची एक पट्टी कापली आणि स्टुलावर चढून ती पाटीवरच्या तिसऱ्या ओळीवर चिकटवली.

मी म्हटले, "अहो, तार काढली आहे मी. आता फोन चालू आहे."

"आज काढली आहेस. उद्या पत्र वाचायला लावशील आणि एखाद्या दिवशी काढायची विसरशील."

"नाही विसरणार. रोज आठवणीनं बटण बंद करीन, तार काढीन."

"काल आठवणीनं केलं होतंस?" ते स्टुलावरून उतरले. "माणूस विसरतो. मी विसरतो, तू विसरतेस. माणसाच्या आठवणीवर मला ही ओळ लिहिता येणार नाही. रविवारी ते यंत्र खोक्यात घालू. मग कागद काढीन."

आवाज चढला नव्हता. म्हणूनच ते ठाम होते, हे मी ओळखले. आणि त्यांचे बरोबर होते. पण खोक्यात केवळ यंत्र जाणार नव्हते, तुमच्या आईची रोजची पत्रेही जाणार होती. मी म्हटले, "रविवारपर्यंत वेळ आहे ना? मी त्याला आपोआप फोन लावणं सोडायला लावते."

"तू?"

"मी."

"मास्तरीणबाई, तो शाळेतला पोरगा नाही कान धरायला."

"त्यालाही इंग्रजीच येतं," मी म्हटले.

हे मी बोलून गेले खरी, पण तेच माझे एकमेव हत्यार होते. तुमच्या आईला विचारायचे तर तार जोडावी लागली असती. मंगळवारी दुपारी आजोबांना सांगून मी दहा मिनिटांसाठी जोडली आणि दोन ओळी पाठवल्या. पण त्या आठवड्यात ती घर बदलत होती, उत्तर कधी येईल याचा भरवसा नव्हता. मग मी त्या यंत्रातच ठेवलेली माहितीपत्रके वाचायला बसले. ती सगळी इंग्रजीत होती, पडद्यावर एकामागून एक पाने. इंग्रजी कोरडे होते, पण व्याकरण शुद्ध. प्रिंटर नव्हता, म्हणून मी शाळेसारखी वही घातली. डावीकडे त्यांचे वाक्य, उजवीकडे मला समजलेला अर्थ. ज्याचा अर्थ लागला नाही त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह. पहिल्या चार पानांवर प्रश्नचिन्हेच जास्त आहेत.

बुधवारी दुपारी एक गोष्ट उलगडली. यंत्राला बाहेरच्या जगाशी जोडणारी जी जी वाट असते, तिला ते 'इंटरफेस' म्हणतात. प्रत्येक वाटेसाठी एक छोटी फाइल असते. त्या सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये राहतात. यंत्र सुरू होताना त्या फोल्डरमध्ये डोकावते, एकेक फाइल उघडते आणि तिच्यातली एक ओळ वाचते. आमच्या मोडेमच्या फाइलचे नाव होते ifcfg-ppp0 आणि तिच्यातली ती ओळ अशी होती:

ONBOOT=yes

यंत्र सुरू होताच ही वाट उघडायची का? हो. संपूर्ण घोटाळा त्या तीन अक्षरांत होता. yes च्या जागी no लिहायचे, की यंत्र सुरू होईल पण फोनला हात लावणार नाही. आणि आपल्याला पत्र हवे असेल तेव्हा आपण स्वतः ifup ppp0 असा हुकूम द्यायचा, की ती वाट उघडते. काम झाले की ifdown ppp0, की बंद. मला हे फार आवडले. कोणत्याही शहाण्या घरात असेच असावे. दार असावे, पण ते कोणीतरी उघडल्याशिवाय उघडू नये.

गुरुवारी मी ते बदलायला बसले. तीस वर्षांची माझी एक सवय होती. कुठलाही जुना कागद फाडायचा नाही, आधी त्याची नक्कल करायची, नक्कल मूळ कागदाच्या शेजारीच ठेवायची आणि मगच दुरुस्ती करायची. मुलींचे दाखले, वेळापत्रके, सगळे मी असेच सांभाळले. तसेच इथेही केले. फाइलची नक्कल काढली, तिला ifcfg-ppp0old असे नाव दिले आणि त्याच फोल्डरमध्ये मूळ फाइलच्या शेजारी ठेवली. मग मूळ फाइलमध्ये no लिहिले. शब्द न् शब्द तपासला. यंत्र नीट बंद केले, आजोबांची परवानगी घेऊन मोडेमची तार जोडली आणि बटण दाबले.

पडद्यावर भराभर ओळी धावल्या. आणि मोडेमने फोन लावतानाची ती शिट्टी घातली.

मी बंद केले. फाइल उघडून पाहिली. no तिथेच होते. पुन्हा चालू केले, पुन्हा शिट्टी. शुक्रवारी मी ते पाच वेळा केले. पाचही वेळा no आपल्या जागी होते आणि पाचही वेळा फोन लागला. खालून आजोबांचा आवाज आला, "तुझा विद्यार्थी गातो आहे." मला राग यंत्राचा नव्हता. मी वाचलेल्या वाक्याचा अर्थ चुकीचा लावला असेल का, या विचाराने माझे मन कडू झाले होते. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे अर्थ तपासले होते.

शनिवारी सकाळच्या एसटीने माझा धाकटा भाऊ आला. हिवाळ्यात भरताची वांगी निघाली की तो एक पिशवी भरून आणायचाच. ती हिरवी, पांढऱ्या रेषांची वांगी तुम्हाला तिकडे कुठेच मिळायची नाहीत. त्याने दारातली पाटी पाहिली होती.

"अक्का, दाजीनं पाटीवर कागद काहून लावला?"

मी त्याला सगळे सांगितले. वांगी भाजत सांगितले. तो पाटावर बसून लसूण सोलत ऐकत होता. कॉम्प्युटर त्याने कधी हात लावून पाहिला नव्हता, पण त्याने मध्येच एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाला, "म्हंजे याले ऑटो लावेल व्हता."

"हो."

"आन तू ऑटो काढला."

"काढला. पाच वेळा पाहिलं, काढलेलाच आहे. तरी सुरू होतं."

तो हसला. "मंग दुसरी मोटार असंल."

"कसली दुसरी मोटार? एकच मोडेम आहे."

"ऐक तं. मागच्या साली मी विहिरीवर नवी मोटार बसवली. जुनी बाजूले ठेवली, म्हटलं वाया कायले घालायची, असू दे, कामी पडंल. एक दिवस पाणी नको व्हतं म्हणून नव्या मोटारीचा ऑटो काढला. तरी लाइट आली आन पाणी सुरू. मी नव्या मोटारीजवळ जाऊन पाहतो, ते बंद. पुन्हा पाहतो, बंद. पानी तं चालू." त्याने लसणाची पाकळी माझ्याकडे रोखली. "जुनीची वायर मी सोडलीच नव्हती. तिचा ऑटो तसाच. पाइप एकच ना दोघीचा. मी आपला नव्या मोटारीले शिव्या देत राह्यलो."

विस्तवावरचे वांगे फिरवायचे माझ्या हातून राहिले.

"अक्का, जळून राह्यलं ते," तो म्हणाला.

"जळू दे," मी म्हटले आणि जिन्याकडे गेले.

या वेळी मोडेमची तार जोडली नाही. यंत्र सुरू केले आणि धावणाऱ्या ओळींकडे एकटक बघत राहिले. इतके दिवस मी नुसती मोडेमच्या शिट्टीकडे कान लावून बसत होते. ओळी वाचल्याच नव्हत्या. आणि तिथे, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, ओळ होती: ppp0old वाट उघडत आहे. माझी नक्कल. त्या फोल्डरमध्ये ifcfg ने सुरू होणारी जी फाइल दिसेल ती यंत्र प्रामाणिकपणे उघडत होते. मूळ फाइल 'नको' म्हणत होती. शेजारची माझी जपून ठेवलेली नक्कल 'हो' म्हणत होती. यंत्राने दोघींचेही ऐकले होते. प्रश्न दोनदा वाचा, मग उत्तर लिहा, असे मी हजारो मुलींना सांगितले असेल. यंत्र मला पाच वेळा उत्तर दाखवत होते आणि मी एकदाही वाचले नव्हते.

पण मी खोटा नम्रपणा करणार नाही. मी वाक्याचा अर्थ बरोबर लावला होता. माझे इंग्रजी बरोबर होते. माझी शिस्तच माझ्या आड आली होती, आणि ती मोडण्याची गरज नव्हती, फक्त नकलेची जागा बदलायची होती. मी 'जुने' या अर्थाचे एक वेगळे फोल्डर यंत्रातल्या माझ्या नावाच्या कप्प्यात केले आणि नक्कल तिकडे हलवली. आजही कोणी मला विचारले, तर मी तेच सांगते. जुने फेकू नका, पण जिथे नवे काम करते आहे तिथे ते ठेवू नका. जळगावच्या लॅबमधल्या त्या तरुण प्राध्यापकांनी हे वाक्य लिहून घेतले. त्यांची यंत्रे अजून न टाकलेल्या केबलची वाट बघत सुरू होताना अडकून बसायची. तिथेही तीच ओळ बदलायची होती आणि तिथेही दोन यंत्रांत कोणीतरी नक्कल शेजारी ठेवलेली निघाली. मला आत कुठेतरी फार बरे वाटले.

भरीत भावानेच पुरे केले. थोडे करपले होते, पण कोणी काही बोलले नाही.

जेवण झाल्यावर मी आजोबांना म्हटले, "तुम्ही खाली रिसीव्हर कानाला लावून बसा. मी वर घराचा मेन स्विच पाडते आणि पुन्हा चढवते. वीज गेली आणि आली असं यंत्राला वाटेल."

"आणि मोडेमची तार?"

"जोडलेली. बटणही दाबलेलं. मी सगळं विसरले आहे असं समजा."

ते खाली गेले. भाऊ जिन्याच्या मध्ये उभा राहिला, इकडचा निरोप तिकडे द्यायला. मी स्विच पाडला. पंखा थांबेपर्यंत थांबले. चढवला. यंत्र जागे झाले. ते असे अचानक बंद पडले की आधी स्वतःची सगळी तपासणी करते, ती बराच वेळ चालली. मग ओळी धावल्या. मी प्रत्येक वाचली. शेवटी पडदा थांबला आणि त्याने नेहमीप्रमाणे माझे नाव विचारले. मोडेमचा एकच दिवा लागला होता. शिट्टी नाही.

"दाजी, काय ऐकू येते?" भाऊ खाली ओरडला.

"डायल टोन," आजोबांचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा, "अजून डायल टोनच आहे."

"अक्का, टोनच हाये," भावाने मला सांगितले, जसे काही मी ऐकलेच नव्हते.

आजोबांनी आणखी दोनदा करायला लावले. तिसऱ्यांदा ते स्वतः वर आले, स्विच स्वतः पाडला आणि मला खाली रिसीव्हरजवळ बसवले. मला त्याचा राग आला नाही. रक्तगट ते नेहमी दोनदा तपासत.

रविवार आला. खोके कोणी काढले नाही, पण पाटीवरचा कागदही कोणी काढला नाही. मी विचारले नाही. मला ठाऊक होते, ते स्विच पाडून केलेल्या परीक्षेवर पास करणार नाहीत.

मंगळवारी दुपारी वीज गेली. खरी गेली, अख्ख्या गल्लीची. मी यंत्रावर तुमच्या आईचे उत्तर वाचत होते. तिने लिहिले होते की मी सांगते तसे कर, पण आधी जुन्या फाइलची नक्कल काढून ठेव. मला हसू आले. पडदा काळा झाला तशी मी उठले, बटण मुद्दाम तसेच दाबलेले ठेवले आणि बाजारात निघून गेले. परत आले तेव्हा वीज आलेली होती. दारातून शिरले आणि फोन वाजला.

आजोबांनी उचलला. "हॅलो. हो, मीच बोलतोय... कधीपासून?... पाण्याचं काय?... निघा तुम्ही. शिरपूरला थांबू नका, सरळ या." त्यांनी सिस्टरला हाक मारली, तयारीला लावले आणि मग माझ्याकडे पाहिले. मी हातात भाजीची पिशवी घेऊन उभी होते.

"वर तुझं यंत्र चालू आहे?" त्यांनी विचारले.

"वीज आल्यापासून असेल. बटण दाबलेलंच आहे."

त्यांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले.

त्या बाईची सुटका वेळेत झाली, मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर आजोबा स्टुलावर उभे होते. एका हातात ओले फडके होते, दुसऱ्या हातात माझी भाजी चिरायची सुरी. तपकिरी कागद अर्धा निघाला होता. 'फोन' दिसत होता, 'तास' दिसत होता, मधला आकडा निघत नव्हता.

"खळ फार घट्ट शिजवली होतीस," ते म्हणाले.

"तुम्हीच सांगितलं होतं, निघता कामा नये."

"गरम पाणी आण."

मी गरम पाणी आणले. त्यांनी फडके भिजवून आकड्यावर दाबून धरले. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने विचारले, "डॉक्टर, पाटी नवी करता का?"

"नाही," आजोबा म्हणाले, "जुनीच आहे. हिने दुरुस्त केली."

मग त्यांनी सुरीच्या मागच्या बाजूने कागदाचा शेवटचा तुकडा खरवडला आणि चहासाठी हात खाली केला.